दोन आडव्या रेघा

मात्सुए
३ मार्च २००८

प्रिय किवामावशी,

वाकामेची पुडकी पोचली. एकटा माणूस एवढं समुद्री शेवाळ कधी खाणार, हा विचार तू केलेला नाहीस हे उघड आहे. निम्मी पुडकी ऑफिसात वाटली. आमचे आदाचीसाहेब म्हणाले, "तोमोहिसा, बाकीचं राहू दे, आधी तुझ्या मावशीचं काम उरक." म्हणजे तुझी लाच लागू पडली म्हणायची.

काम झालं. सोबत चकती आहे. तुझा चकतीवर विश्वास नाही म्हणून यादी कागदावरही छापून पाठवतो आहे. तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या त्सुनेमात्सु डॉक्टरांच्या काळातल्या तेराशे बारा केसपेपरांमध्ये पेनिसिलिन न सोसणारी एक्केचाळीस माणसं निघाली. तुमच्या नव्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी ह्या यादीवर नजर टाकली की झालं.

"एवढे कागद तू दोन आठवड्यांत वाचलेस तरी कसे?" असं तू फोनवर विचारत होतीस. खरं सांगू, मी वाचलेच नाहीत. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो, त्या रुबीत साचे करायची सोय आहे. साचा म्हणजे जे शोधायचं त्याचं वर्णन. मी त्याला सांगतो, बाबा रे, आधी 'पे' असेल, मग 'नि', पुढे 'सि' असो की 'शि', शेपूट असो की नसो. आणि जवळपास 'नको', 'वर्ज्य', 'अंगावर उठलं' असलं काहीतरी असेल. हे वर्णन ज्या ओळीला बसेल ती ओळ तो माझ्यापुढे आणून ठेवतो. त्सुनेमात्सु डॉक्टर त्या एकाच औषधाचं नाव अकरा तऱ्हांनी लिहायचे, आणि तूही ते तसंच्या तसं टाइप करून ठेवलंयस. अकराच्या अकरा तऱ्हा मी एका साच्यात बसवल्या. मला स्वतःला तो साचा फार आवडला आहे. एका ओळीत मावतो.

तू काळजी करशील म्हणून सांगतो, शंभर केसपेपर मी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिले. एकही चुकलेला नाही.

पाठदुखी कशी आहे?

तुझा,
तोमो

*

बेटावरून
१७ मार्च

चिरंजीव तोमोस अनेक आशीर्वाद.

पाठ आहे तशीच आहे. तिची चौकशी करणारा तू एकटाच, म्हणून तिला बरं वाटलं.

यादी पाहून फुवा डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी ती भिंतीवर लावायला काढली. मी म्हटलं, "डॉक्टर, अहो, पेशंट बसल्या बसल्या एकमेकांची नावं वाचतील आणि संध्याकाळपर्यंत बेटभर होईल." तेव्हा ती त्यांच्या खणात गेली. वय तेहेतीस, दिसतात तेवीसचे. इथल्या म्हाताऱ्या त्यांना 'डॉक्टर' म्हणायच्या आधी क्षणभर थांबतात. पण माणूस गुणी आहे. प्रत्येक पेशंटच्या वेळी खण उघडतात, बोट फिरवतात, मगच लिहितात.

आजचंच सांगते. आमचे नागामी गेंझोकाका तुला आठवतात ना? लहानपणी तुला होडीतून ऑक्टोपस धरायला न्यायचे आणि तू रडत परत यायचास, तेच. अठ्ठ्याहत्तर झाले तरी रोज समुद्रावर. गळाचा गंजका आकडा पायात घुसला, तो चार दिवस कुणाला सांगितला नाही. शेवटी पाय भोपळ्यासारखा सुजला तेव्हा सून, तामिए, ओढत घेऊन आली. डॉक्टरांनी विचारलं, "पेनिसिलिन चालतं ना तुम्हाला?" काका म्हणाले, "मला सगळं चालतं." डॉक्टरांनी तरीही खण उघडला, तुझी यादी पाहिली. नागामी गेंझो नाव नव्हतं. मग सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन, आणि बजावलं, "गोळ्या आहेत तोवर दारू बंद." काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

तेव्हा तुझ्या साच्याचा हा असा रोजचा उपयोग चाललाय. तुझी आई असती तर शेजारणींना सांगत फिरली असती. तिच्या वाटचं मी फिरते.

तुझी,
मावशी

ता. क. एक उगाच विचारते. तुझं यंत्र अक्षर वाचतं, की नुसतं बघतं? म्हणजे टाइप करणाऱ्याने सुरुवातीला थोडं अडाणीपणाने केलं असेल, तर ते समजून घेतं ना?

*

मात्सुए
२० मार्च, सकाळचे दहा

मावशी,

मी यादीतली चूक सांगताच तू "ठेव फोन" म्हणून कट केलास त्याला दोन तास झाले. तेव्हापासून तुझ्या घरचा फोन नुसता वाजतोय. दवाखान्यातही कुणी उचलत नाही. आज हिगानची सुट्टी, सगळं बेट थडग्यांवर फुलं वाहायला गेलेलं असणार. हातावर हात धरून बसवत नाही म्हणून लिहितो आहे.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ता. क. वाचून हसलो आणि झोपलो. आज सुट्टी म्हणून आरामात चहा करत होतो, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. वाचतं की बघतं? दोन्ही नाही, मावशी. ते फक्त अक्षराचा यंत्रातला क्रमांक ओळखतं.

म्हणून गंमत म्हणून साच्याचं डोकं काढून टाकलं आणि नुसतं शेपूट शोधलं, 'शिरिन' आणि 'सिलिन'. यादीबाहेरचा एकही यायला नको होता. पाच आले. ते पाच जास्तीचे उघडून पाहिले तर स्वच्छ 'पेनिसिलिन' लिहिलेलं. माझ्या डोळ्यांना दिसतंय, साच्याला दिसत नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग एकेक अक्षर सुटं करून त्याचा क्रमांक काढला.

आपल्या काताकानातलं, म्हणजे परके शब्द लिहायच्या लिपीतलं, 'नि' म्हणजे दोन आडव्या रेघा, वरची आखूड, खालची लांब. आणि 'दोन' ह्या आकड्याचं कांजी, म्हणजे चिनी वळणाचं, अक्षर? दोन आडव्या रेघा, वरची आखूड, खालची लांब. माणसाला फरक कळत नाही आणि कळायची गरजही नसते. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. ह्या कागदांवर 'पे-नि-सिलिन' नाही, 'पे-दोन-सिलिन' आहे. मग 'पे-दोन' असा साचा करून शोधलं, आणखी दोन सापडले. एकूण सात.

पहिलंच नाव नागामी गेंझो. १९७९ : इंजेक्शननंतर श्वास कोंडला, नाडी लागेना, शुद्ध गेली. पुढे तू कंसात 'लाल शाईत' असं टाइप केलंयस, आणि मग : पेनि वर्ज्य.

मावशी, मी तुला खोटं सांगितलं होतं. शंभर कागद ताडले म्हणालो ते खोटं. तीस ताडले. त्या आठवड्यात दुसरं काम अंगावर होतं, आणि तिसांत एकही चूक निघाली नाही, म्हणून वाटलं पुढेही नसणारच. 'शंभर' लिहिताना हातसुद्धा अडखळला नाही.

तीन दिवस झाले त्यांना गोळ्या देऊन. मी आत्ता स्वतः डॉक्टर असल्यासारखा हिशेब करत बसलोय की पहिल्या गोळीलाच व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं, म्हणजे झालं नाही, म्हणजे होणार नाही. पण इथल्या औषधवाल्या बाईंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, तसं छातीठोक कुणी सांगू शकत नाही.

त्यांना काही झालं असेल तर मला स्पष्ट सांग. सांभाळून घेऊ नकोस. मी पुन्हा ह्या कामाला हात

फोन वाजतोय.

*

बेटावरून
२३ मार्च

चिरंजीव तोमोस आशीर्वाद.

तुझं अर्धवट पत्र तू तसंच पाकिटात घालून टाकलंस. वाक्य पुरं करायचं भान नव्हतं, पण तिकीट मात्र बरोबर लावलंस.

फोनवर तुला "काका ठीक आहेत" एवढंच सांगता आलं, कारण समोर दहा माणसं होती. आता सगळं सविस्तर ऐक.

तुझा फोन ठेवला आणि मी चपलांवरच धावत सुटले. डॉक्टर सुट्टीच्या कपड्यांत कपडे वाळत घालत होते. नाव ऐकल्यावर त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. तशीच बॅग उचलली. दोघं टेकडीवरच्या कब्रस्तानात गेलो, कारण नागामींचं सगळं घर तिथे. वाटेत मी मनात एकच म्हणत होते, उभे दिसू देत, नुसते उभे दिसू देत.

उभे होते. थडग्यावर पाणी ओतत होते.

डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "काका, गोळ्या थांबवा! एकही घेऊ नका! किती घेतल्या आजवर?"

"सगळ्या. सांगितल्या तशा."

तामिए म्हणाली, "हो डॉक्टर, मी रोज विचारते. पाकीटही बघते. आज सकाळचीसुद्धा घेतली. दहा झाल्या."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. तिथेच थडग्याच्या पायरीवर बसवून त्यांनी काकांची नाडी पाहिली, छाती तपासली, पापण्या उलट्या करून पाहिल्या. अंगावर पुरळ नाही, सूज पायाला तेवढीच. उलट पाय जास्तच सुजला होता. डॉक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "दहा गोळ्या पोटात गेल्यावर पाय निदान थोडा तरी उतरायला हवा होता." मग उभे राहिले. "काका, तीस वर्षांपूर्वी तुम्ही ह्याच औषधाने मरता मरता वाचला आहात. दहा गोळ्या पोटात असताना मी तुम्हाला इथे ठेवू शकत नाही. हेलिकॉप्टर बोलावतो. मोठ्या इस्पितळात निदान तीन दिवस देखरेखीखाली."

"हेलिकॉप्टर?" काका म्हणाले.

"हो."

"त्या पंखावाल्यात? मी?"

"दुसरा इलाज नाही."

काकांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा बायकोच्या थडग्याकडे. मग घसा खाकरून म्हणाले, "आणि समजा, दहा नसतील तर?"

"मग किती?"

"समजा, कमी असतील."

"बाबा!" तामिए ओरडली.

"अरे, गोळ्या आहेत तोवर दारू बंद म्हणाला ना हा! हिगानला तिच्या थडग्यावर दारू ठेवायची आणि मी कोरडा बसायचं? चाळीस वर्षांत असं झालं नाही. म्हटलं, हिगान झाल्यावर सुरू करू."

"किती घेतल्यात ते सांगा!" आता डॉक्टर ओरडले. बेटावर आल्यापासून पहिल्यांदा.

"एकही नाही."

सगळे खाली किनाऱ्यावर त्यांच्या होडीपाशी गेलो. होडीत त्यांचा तंबाखूचा पत्र्याचा डबा असतो. त्यात निघाल्या. मी मोजल्या, दहा. पाकिटातून रोज वेळच्या वेळी तीन काढून डब्यात टाकत होते, सुनेला रिकामे कप्पे दिसावेत म्हणून. डॉक्टर त्या डब्याकडे पाहत खाली वाळूत बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. तामिए सासऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत होती आणि रडत होती. मी काय करत होते मला आठवत नाही. कुणीतरी म्हणालं, मी डब्याला हात जोडले होते.

मग मी काकांना विचारलं, "त्या इंजेक्शनचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का नाहीत?"

"कुठलं इंजेक्शन?"

"सत्तर-ऐंशीच्या सुमाराचं. श्वास कोंडला होता तुमचा."

"अगं हो! मेलोच होतो त्या सुईने! पण ह्याने सुईचं कुठे विचारलं? पेनिसिलिन चालतं का विचारलं. मला काय माहीत त्या सुईला काय नाव होतं!"

डॉक्टरांनी तेव्हाच वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता ते प्रत्येकाला विचारतात, "कधी औषध घेतल्यावर जिवावर बेतलं होतं का?" औषधाचं नावच घेत नाहीत. काकांना दुसऱ्या जातीच्या गोळ्या दिल्या आहेत. रोज सकाळी दवाखान्यात यायचं आणि माझ्यासमोर गिळून तोंड उघडून दाखवायचं, असा दंड आहे. पाय उतरतोय.

आता माझं. तू तुझं लिहिलंस, तर मीही लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

ते 'दोन' मी टाइप केलेत.

१९८८ साली त्सुनेमात्सु डॉक्टरांनी मला कामावर घेतलं, तेव्हा "टाइप येतं का?" ह्यावर मी "येतं" म्हणाले. माझे यजमान नुकते गेले होते, मला काम हवं होतं. त्या पडद्याच्या टाइपयंत्रावर मी आयुष्यात बोट ठेवलं नव्हतं. काताकाना कसं काढायचं ते ठाऊक नव्हतं. एक लांब बटण दाबत राहिलं की अक्षरं बदलत जातात एवढं कळलं होतं. 'नि' लिहायचं, बटण दाबायचं, हवं तसं अक्षर दिसलं की थांबायचं. दोन रेघा दिसल्या, मी थांबले. पहिले दोन महिने जुने केसपेपर मी असेच उतरवले. मग पोस्टमास्तरांच्या मुलीने खरं बटण दाखवलं. मागचे दुरुस्त करायला हवेत हे कळत होतं. पण ते डॉक्टरांना सांगायचं, तर आधीचं "येतं" खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. छापून तर सारखंच दिसत होतं. म्हणून गप्प बसले. वीस वर्षं.

तुला यादी करायला दिली तेव्हापासून मनात खुटखुट होती. म्हणून तो ता. क. घातला. सरळ विचारण्याची हिंमत झाली नाही, म्हणून 'उगाच विचारते' म्हटलं. काम देतानाच सरळ विचारलं असतं तर गेंझोकाकांना गोळ्या मिळाल्याच नसत्या.

काल फुवा डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, आता आपली नोकरी संपली. ते म्हणाले, "किवाबाई, ते टाइपयंत्र मला दाखवा ना, मी अजून कधी पाहिलं नाही."

तीस आणि शंभर ह्यांवर मी तुला झापणार होते. पण कुठल्या तोंडाने झापू? काम मात्र सोडायचं नाही. उरलेले सहा कोण ते कळव.

तुझी,
मावशी

*

मात्सुए
३० मार्च

प्रिय मावशी,

डब्याची गोष्ट मी आदाचीसाहेबांना वाचून दाखवली, आणि मग तीस-शंभरची माझी गोष्टही सांगितली. ह्या क्रमाने सांगितली, कारण मी भित्रा आहे. त्यांनी पत्राची घडी करून मला परत दिलं. मला वाटलं हाकलतात. मग म्हणाले, "राहिलेले बाराशे ब्याऐंशी कधी ताडतोस?" एवढंच.

म्हणून आठवडाभर तेच चाललंय. शेजारच्या टेबलावरची मिनेको मोठ्याने वाचते, मी खूण करतो. पण आधी मी एक शहाणपण केलं. ज्या काताकाना अक्षरांची तोंडं कांजीसारखी आहेत त्यांच्या जोड्या लिहून काढल्या. 'नि' आणि दोन. 'का' आणि बळ. 'रो' आणि तोंड. 'हा' आणि आठ. 'ता' आणि संध्याकाळ. 'ए' आणि कारागिरी. मग उलटा साचा केला : काताकानाच्या रांगेत अशी कांजी घुसलेली दिसली की ती लाल कर. तुझ्या पहिल्या दोन महिन्यांतल्या पानांना गोवर आल्यासारखं दिसतंय. एका ठिकाणी तू 'कॅल्शियम' असं लिहिलंयस की यंत्राच्या मते ते 'बळ-ल्शियम' आहे. मिनेको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तू बटण चुकवलंस हे खरं. पण काम घेताना "हे टाइप कुणी केलं, कसं केलं?" असं मी विचारायला हवं होतं. मला तो साचा इतका सुंदर वाटत होता की विचारायचं सुचलंच नाही.

आज दुपारी शेवटचा कागद झाला. आठवा कुणी निघाला नाही. सातच.

गेंझोकाका सोडून सहा. त्यांतली चार नावं मला केसपेपरवरूनच कळली, पुढे मृत्यूची तारीख आहे. पाचवी यासुगी ओसाची, टोफूच्या दुकानाची. सहावी हामासाकी चियो. १९७४ साली पाच वर्षांची होती. ताप, इंजेक्शन, अंगभर गांधी, ओठ निळे. त्यानंतर तिचा एकही कागद नाही. ही कोण ग?

तुझा,
तोमो

*

बेटावरून
२७ एप्रिल

चिरंजीव तोमोस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर मिळायला उशीर झाला.

ओसाचीकडे त्याच दिवशी गेले. ती म्हणाली, "मला पेनिसिलिन सोसत नाही हे तू मला सांगायला आलीस? माझ्या लग्नाच्या आधीपासून मला ठाऊक आहे. टोफू घे आणि जा." घेतला आणि आले.

चियोचं मात्र कुणालाच आठवेना. हामासाकींचं घर पडून तिथे आता गवत आहे. बाप बोट बांधायच्या कारखान्यात कामाला म्हणून सत्तरच्या दशकातच सगळे बेट सोडून गेले, एवढंच कुणीतरी सांगितलं. शेवटी देवळात गेले. आजीचं थडगं अजून इथे आहे, त्याच्या देखभालीसाठी दरवर्षी कुणीतरी पत्र पाठवतं. भटजींनी पत्ता काढून दिला. हिमेजीचा.

काय लिहावं कळेना. परक्या बाईला चौतीस वर्षांनी पत्र पाठवायचं आणि सांगायचं की तुला लहानपणी एक औषध बाधलं होतं! तीन कागद फाडले. शेवटी जे झालं ते सरळ लिहिलं, तुझं, माझं, काकांच्या डब्यासकट, आणि खाली दवाखान्याचा फोन दिला.

सतरा तारखेला दुपारी फोन आला. "मी हामासाकी, म्हणजे आता ओगुरा, चियो बोलतेय." आवाज इतका बारीक की मला खुर्ची ओढून कान चिकटवून बसावं लागलं. तिची आई ती दहा वर्षांची असतानाच गेली. बापाने दुसरं लग्न केलं. लहानपणी काय झालं होतं हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि मग म्हणाली, "मावशी, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, येत्या मंगळवारी. इस्पितळातल्या फॉर्मवर 'कुठलं औषध सोसत नाही का' असं होतं. मी 'काही नाही' लिहून सही करून आले."

तोमो, मी फोन तसाच हातात धरला. फुवा डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी फोन घेतला, तिच्या सर्जनचं नाव विचारलं आणि लगेच तिकडे लावला. ऑपरेशनच्या आधी सुईतून द्यायचं जे औषध तिच्या कागदावर लिहून ठेवलं होतं ते पेनिसिलिनच्याच भाऊबंदांपैकी होतं. सर्जन म्हणे आधी जरा घुश्शातच बोलत होते. बेटावरचा कोण हा पोरगा, असं झालं असेल. डॉक्टरांनी चौऱ्याहत्तर सालचा तो कागद शब्द न् शब्द वाचून दाखवला. तेव्हा सर्जन म्हणाले, "मेहरबानी करून ह्याची प्रत फॅक्सने पाठवा." औषध बदललं.

मंगळवार मी कसा काढला ते विचारू नकोस. गेंझोकाका गोळ्या संपल्या तरी सकाळी येऊन बसले होते. म्हणाले, "आपल्यातलीच आहे ती, त्याच औषधाची." बुधवारी काही कळलं नाही. गुरुवारीही नाही. मी फोन करायला धजेना. डॉक्टर म्हणाले, मी करतो, मी म्हटलं, थांबा.

काल तिच्या नवऱ्याचं कार्ड आलं. त्यात तीनच ओळी आहेत, त्या तुझ्यासाठी इथे उतरवते. टाइप केलेल्या नाहीत, तेव्हा बिनधास्त वाच.

"ऑपरेशन व्यवस्थित झालं. ती बरी आहे. आज सकाळी तिने पेज खाल्ली आणि आणखी मागितली."

तुझी,
मावशी